निम्म्यावर उभा काटा

वडिलांच्या पिकअपमधला तापमानाचा काटा मी उपटला, तो कुठे उभा होता याची खूण केली नाही, आणि मग अंदाजाने परत बसवला.

चूक एवढीच. एका वाक्यात मावते. मी तासगावजवळच्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. दर वर्षी नववीच्या वर्गाला प्रयोगशाळेत नेलं की पहिलं सांगणं हेच असतं, की कुठलंही मोजायचं उपकरण हातात घेतलं की आधी त्याचं शून्य तपासा. शून्यच चुकलं तर पुढचं सगळं मोजमाप वाया. हे मी फळ्यावर लिहितो आणि खाली दोन रेघा मारतो. दोन रेघांची काही गरज नसते. पण आपल्या शहाणपणाखाली रेघ मारायला माणसाला आवडतं, आणि मला जरा जास्तच आवडतं.

वडिलांना आम्ही आबा म्हणतो. ते सैन्यात ड्रायव्हर होते. तिथून सुटल्यावर काही वर्षं दुसऱ्यांचे ट्रक चालवले आणि मग ही पिकअप घेतली. द्राक्षाच्या हंगामात द्राक्षं, त्यानंतर शेडवरून बेदाण्याची खोकी, पावसाळ्यात खत, आणि मधल्या दिवसांत गावातल्या कोणाचंही काहीही. आता वय सत्तरीच्या पुढे गेलंय. गाडी अजून तेच चालवतात.

सैन्यात गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरने ती तपासायची असते. तिला फर्स्ट परेड म्हणतात. आबांनी नोकरी सोडली, परेड सोडली नाही. पहाटे बॉनेट उघडायचं, तेल बघायचं, रेडिएटरचं झाकण काढून पाणी बघायचं, फॅनचा पट्टा अंगठ्याने दाबायचा, चारी टायरांवर काठी मारून आवाज ऐकायचा. मग वहीत एक ओळ लिहायची. तारीख, तेल ठीक, पाणी ठीक, हवा ठीक, आणि सही. गाडी स्वतःची, वही स्वतःची, तरी सही. माझा धाकटा भाऊ पुण्याला असतो. तो एकदा हसत म्हणाला, "आबा, ही वही तपासतं कोण?"

"मी," आबा म्हणाले.

भावाचं हसू तिथेच संपलं.

तर मागच्या थंडीत डॅशबोर्डातला एक बल्ब गेला. स्पीडच्या बाजूला उजेड आणि तापमान-डिझेलच्या बाजूला काळोख. आबा पहाटे बाहेर पडत, त्यामुळे अधूनमधून मोबाईलची बॅटरी डायलवर मारून बघत. एका हातात स्टिअरिंग, एका हातात मोबाईल. आई ओरडली. आबांनी मला सांगितलं, "सांगलीला जाशील तवा बल्ब आण. हाय तसलाच. पिवळा."

सांगलीला गाड्यांच्या सजावटीचं सामान मिळतं त्या गल्लीत मी गेलो. दुकानदार म्हणाला, "सर, पिवळा आता कोण लावतंय? एलईडी घ्या. पांढरा, निळा, लाल, काय पायजे ते." मी तसा ताठ माणूस आहे, पण दुकानदाराने 'सर' म्हटलं की वाकतो. त्याने पुढे ज्ञान दिलं, की डायलच्या पाठीमागे एक हिरवट पडदा असतो, तो काढला तर रंग खुलतो. पण पडदा काढायचा तर डायल काढावी लागते आणि डायल काढायची तर काटे. "मोबाईलवर व्हिडिओ हायत की सर. तुमाला काय अवघड?"

मला काय अवघड! मी पांढरे एलईडी घेतले आणि येताना एसटीत तीन व्हिडिओ पाहिले.

रविवारी दुपारी आबा शेडवरून खोकी पोचवून आले. मी पाना, पेचकस मांडून तयारच बसलो होतो. आबांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गाडी तापलीय. जरा निवू दे, मग हात लाव."

मला वाटलं, माझा हात भाजेल म्हणून सांगतायत. म्हटलं, "आबा, डॅशबोर्ड कुठं तापतो? तापतं ते इंजन." आबा जेवायला गेले.

मी बॅटरीची तार सोडली. स्क्रू आईच्या थाळीत ठेवले. मीटरचा सगळा डबा बाहेर ओढला, मागचा प्लग काढला. बल्ब पाव फेऱ्यात निघाले. एलईडीत उलटं-सुलटं असतं. किल्लीला हात न लावता तार आणि प्लग क्षणभर जोडून दिवे लावून पाहिले, तर दोन पेटेनात; फिरवून लावले की पेटले, तार परत सोडली, आणि मी स्वतःवर खूश झालो. मग काटे. ते काढायला व्हिडिओतल्या माणसाने दोन चमचे वापरले होते, एक इकडून, एक तिकडून, आणि खालून हलकी उचक. मी आईचे पोह्याचे चमचे घेतले. स्पीडच्या काट्याची पेन्सिलीने खूण केली, कारण व्हिडिओत तसं सांगितलं होतं. छोट्या काट्यांबद्दल त्या माणसाने काही सांगितलं नव्हतं. डिझेलचा काटा रिकाम्याच्या खुणेजवळ होता, तो तिथेच परत बसवला आणि नशिबाने बरोबर बसला, कारण टाकी खरोखरच तळाला होती.

तापमानाचा काटा निम्म्यावर उभा होता.

मी विचार केला. थोडा केला, पण केला. गाडी बंद, बॅटरी सुटलेली, मग काटा निम्म्यावर कसा? बंद उपकरणाचा काटा शून्यावर असतो. म्हणजे डबा ओढताना माझाच धक्का लागला असणार. आमच्या गाडीत किल्ली बंद केली की तापमानाचा काटा असेल तिथेच थांबून राहतो, खाली पडत नाही, हे मला माहीत नव्हतं. गाडी नुकतीच आलेली, पाणी तापलेलं, काटा निम्म्यावर थांबलेला. तो सांगत होता ते खरंच होतं. मी त्याला उपटून तळाला बसवला. निवू दे, असं आबा म्हणाले होते. गाडी निवली असती, मी किल्ली एकदा फिरवून पाहिली असती, तर काटा आपसूक तळाला आलेला दिसला असता आणि ही चूक मला करताच आली नसती.

बसवण्याआधी बायकोच्या नेलपॉलिशने मी सगळे काटे शेंदरी रंगवले. हे कोणी सांगितलं नव्हतं. हे माझं.

संध्याकाळी अंधार पडल्यावर सगळ्यांना बोलावलं आणि दिवे लावले. पांढरा स्वच्छ उजेड, त्यावर शेंदरी काटे. आई म्हणाली, "देव्हारा केलास की रं गाडीचा! घंटा तेवढी बांध." आबा सीटवर बसून बराच वेळ बघत राहिले. "दिसतंय," म्हणाले. आबांकडून एवढं मिळालं की आमच्या घरात ते जपून ठेवतात.

चारपाच दिवसांनी ते म्हणाले, "काटा उठंना रं."

"कुठला?"

"पाण्याचा. पयला निम्म्यावर असायचा. आता तळाला झोपलाय."

"थंडी हाय आबा. इंजन थंड राहतंय, चांगलंच की."

"थंडी दर वर्साला येती."

यावर मी जे उत्तर दिलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण ते लपवलं तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, "आधी उजेड अंधुक होता आबा, तुमाला नीट दिसत नव्हतं. आता खरं दिसतंय."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "असंल बाबा. शिकलेला हायस," म्हणाले आणि गेले. चाळीस-पन्नास वर्षं काटे वाचलेल्या माणसाने माझ्या बी.एड.वर विश्वास ठेवला.

थंडी गेली. उन्हाळ्याच्या सुरुवातीला बहिणीचा फोन आला. तिचं सासर माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडे. घरात मेंढरं आणि दोन गाई, आणि त्या वर्षी तिकडे चारा नव्हता. आमच्याकडे ज्वारीचा कडबा होता. आबा म्हणाले, देऊन येऊ. शनिवारी दुपारी गाडी भरली, पेंढ्यांवर पेंढ्या, टपाच्याही वर, दोराने आवळून. रविवारी पहाटे पाचला निघायचं ठरलं.

पहाटे मी आधीच गाडीत जाऊन बसलो आणि दिवे लावले. आबांची परेड चालू होती. बॉनेट उघडं असल्यामुळे समोरचं काही दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. रेडिएटरचं झाकण फिरलं. ते पत्र्यावर ठेवल्याचा टक् आवाज आला. तांब्यातून पाणी ओतल्याचा गुडगुड आवाज आला. मग झाकण परत आवळलं. मी आत बसून शेंदरी काटा पांढऱ्या उजेडात किती छान दिसतो ते बघत होतो.

विट्यापर्यंत उजाडलं. पुढे ऊन चढायला लागलं आणि समोरून वारा. कडब्याचा उंच भार त्या वाऱ्याला अडत होता, इंजिनाचा आवाज जड झाला होता. आणि काटा हलला. तळापासून सुटला, चढत चढत निम्म्याकडे आला.

"बघा आबा," मी आनंदाने म्हणालो, "उठला तुमचा काटा! आला जाग्यावर."

आबांनी पाहिलं. दोन मैलांवर गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"वास येतोय. लोखंड तापल्याचा."

त्यांनी उतरून बॉनेटवर हात धरला, टेकवला नाही, नुसता वर धरला. "लय तापलीय."

"ऊन हाय. पत्रा तापणारच. काटा निम्म्यावर हाय."

पाच मिनिटं थांबून निघालो. थोड्या वेळाने परत त्यांनी गाडी हळू केली. "गड्या, ही बरोबर न्हाई. आवाज बी बदललाय."

आता मला उशीर होत होता. म्हणजे कुठेही पोचायचं नव्हतं, पण मला उशीर होत होता. मी म्हणालो, "आबा, तुमचं नाक आता सत्तर वर्सांचं झालंय. काटा खोटं बोलत न्हाई."

त्यांनी गिअर टाकला.

मी वर्गात पोरांवर ओरडलोय, बायकोशी भांडलोय, भावाला नको ते बोललोय. पण आयुष्यातलं एक वाक्य परत घ्यायला मिळालं तर मी हे घेईन.

मायणीच्या पुढच्या चढाला बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आधी बारीक, मग एकदम ढग. गाडी हिसका देऊन बंद पडली. आणि मग काटा पडला, सरळ तळाला.

एका ट्रॅक्टरवाल्याने दोर लावून ओढत मागे रस्त्याकडेच्या गॅरेजपर्यंत आणलं. कडबा तिथल्याच एका टेम्पोत घालून बहिणीकडे पाठवला. मिस्त्री पोटाने मोठा आणि बोलायला मोकळा होता. गाडी निवेपर्यंत त्याने चहा पाजला, मग झाकण उघडून आत बॅटरी मारली.

"थेंब न्हाई," तो म्हणाला. "हेडचं गॅस्केट उडालं. आजोबा, सकाळी पाणी बघितलं न्हवतं काय?"

"बघितलं व्हतं," आबा म्हणाले.

मिस्त्री खाली वाकला, खालच्या पाइपची क्लिप हलवून बघितली. "ही बघा, ढिली. ही गळती आजची न्हाई, चार दिसांची हाय. रोज बघितलं असतं तर कळलं असतं. काटा कुठं व्हता?"

"निम्म्यावर," मी म्हणालो.

"मग झालं की. पाणी आधीच संपलं असणार. पाण्यात बुडल्याबिगर काट्याला ताप समजत न्हाई. पाणीच नसलं तर तो बावळट काय बी दावतो." त्याने आबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हुतंय आजोबा. वय झालं की इसरतं माणूस."

"बघितलं व्हतं मी," आबा परत म्हणाले. या वेळी हळू.

मिस्त्रीने काहीतरी तपासायला किल्ली फिरवली. मी खिडकीतून वाकून बघत होतो. तापमानाचा काटा खालच्या खुणेच्याही खाली गेला आणि तिथल्या खिळीला टेकून दाबून राहिला. आणखी खाली जायचं होतं त्याला, जागा नव्हती.

तेवढ्यात मला सगळं दिसलं. थंडीतली ती रविवारची दुपार, तापलेली गाडी, निम्म्यावरचा काटा. मी तापलेल्या पाण्याला थंड म्हणून बसवलं होतं. मग आज वाटेत दिसलेला निम्मा म्हणजे उकळी. पाणी नव्हतं म्हणून काटा बावळट झाला नव्हता. पाणी होतं, उकळत होतं, गळत होतं, आणि काटा मी शिकवलेली भाषा बोलत होता.

आबा माझ्याजवळ आले. "मास्तर," ते म्हणाले. कधी चिडवायचं असलं की ते मला मास्तर म्हणतात. त्या वेळी चिडवत नव्हते. "तू बसला व्हतास की गाडीत. मी पाणी बघितलं व्हतं का रं सकाळी?"

झाकणाचा टक् आवाज माझ्या कानात होता. तांब्याची गुडगुड होती. पण 'बघितलं होतं' म्हटलं की पुढचा प्रश्न आला असता, मग पाणी गेलं कुठं, आणि काटा निम्म्यावर कसा. मिस्त्री समोर उभा होता.

"मला काय म्हाईत आबा," मी म्हणालो. "मी आत बसलो होतो."

आबांनी मान हलवली. ज्या कामाला रोज हात लागतो त्याची रोजची वेगळी आठवण राहत नाही. मी चूल बंद केली का, कुलूप लावलं का, हे आपण दारातून परत फिरून बघतो. आबांना परत फिरून बघायला ती पहाट मिळणार नव्हती. त्यांच्याकडे फक्त मी होतो.

एसटीने घरी आलो. चार दिवसांनी गाडी तयार झाली. आणायला दोघे गेलो, तर आबा चालत जाऊन डाव्या बाजूला बसले. "तूच घे," म्हणाले. माझ्या आठवणीत त्या गाडीच्या डाव्या सीटवर ते पहिल्यांदाच बसत होते. येताना मी चुकीच्या गिअरवर चढ चढवला, आणि ते काही बोलले नाहीत.

परेड थांबली. पहाटे जाग मात्र त्याच वेळेला येई. उठून कट्ट्यावर बसत, गाडीकडे तोंड करून. आई चहा देई, तो निवून जाई. दिवसातून तीनतीनदा आईला विचारायला लागले, "अगं, मी गोळी घेतली का? पाण्याची मोटार बंद केली का मी?" आधी कधी विचारत नव्हते. आई घाबरली. तिने पुण्याला भावाला फोन केला, आणि भाऊ कर्तबगार आहे, त्याने सांगलीतल्या एका डोक्याच्या डॉक्टरकडे नंबर लावला. विसरायला लागलेल्या म्हाताऱ्यांची परीक्षा घेतात म्हणे, तारीख विचारतात, शंभरातून सात वजा करायला लावतात. येत्या सोमवारचा नंबर मिळाला.

आम्हाला वाटलं होतं, आबा खवळतील. साधा रक्तदाब मोजायचा म्हटलं तरी ते शेतात निघून जात. ते म्हणाले, "जाऊया. एकदा काय ते कळू दे."

त्या 'जाऊया'ने माझी झोप गेली, असं लिहायला हवं. गेली नाही. मी जेवत होतो, झोपत होतो, शाळेत जाऊन शून्य तपासायला शिकवत होतो. फक्त घरी आल्यावर गाडी दिसली की मान वळवत होतो.

शनिवारी दुपारी आबा पाहुण्यांकडे गेले होते. मी दोन चमचे खिशात घातले आणि गाडीत जाऊन बसलो. बेत सोपा होता. काटा काढायचा, बरोबर जागेवर बसवायचा, पाच मिनिटांचं काम. कोणाला कधी कळणार नाही. आबा सोमवारी डॉक्टरकडे जातील, डॉक्टर म्हणतील ठीक आहे, किंवा म्हणतील वयोमानाने होतं. गाडीची चूक गाडीतच मिटेल.

पेचकस काढायला समोरचा खण उघडला, तर आत वही होती. शेवटचं पान कडबा घेऊन निघालो त्या रविवारचं. आबांच्या अक्षरात नेहमीची ओळ. तेल ठीक, पाणी ठीक, हवा ठीक. मग 'पाणी ठीक' यावर एक आडवी रेघ. पुसलेलं नव्हतं, खाडाखोड नव्हती, एकच सरळ रेघ. शेजारी वेगळ्या शाईत लिहिलं होतं, 'पाणी बघितले नाही. नोंद खोटी.' आणि खाली पुन्हा सही.

मी चमचे परत खिशात घातले. ज्या माणसाने कधी खोटी नोंद केली नाही, त्याने ती एकदा केली होती. माझ्यामुळे, आणि स्वतःच्याच विरुद्ध.

काट्याला मी हात लावला नाही. शाळेत गेलो, शिपायाकडून किल्ली घेतली आणि प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर रुमालात गुंडाळून आणला.

रविवारी सकाळी आबांना म्हटलं, "जरा बाहेर या. गाडी दाखवायचीय."

"तूच बघ. मला काय समजतंय त्यातलं."

"या तरी."

ते आले. मी थंड गाडीचं रेडिएटर उघडलं, थर्मामीटर दोऱ्याने बांधून आत सोडला आणि इंजिन चालू करून थोडं तापू दिलं. मग दार उघडं ठेवून त्यांना अशा जागी उभं केलं, की थर्मामीटर आणि डायल दोन्ही दिसतील.

"वाचा."

त्यांनी चष्मा लावला. "हे काय नवीन?"

"वाचा की."

"पन्नास."

"काटा?"

"तळाला."

इंजिन घुरघुरत राहिलं. मी अधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर दाबत होतो. सत्तर, काटा तळाला. ऐंशी, काटा तळाला. रेडिएटरच्या तोंडाशी वाफ जमायला लागली. नव्वद झाले तेव्हा काटा खालच्या खुणेवरून कसाबसा सुटला.

"नव्वदला पहिला कुठं असायचा हा?" मी विचारलं.

"निम्म्यावर." आबांनी लगेच उत्तर दिलं. त्यांनी परत थर्मामीटर पाहिला, परत काटा पाहिला. तर्जनीने काचेवर खालच्या खुणेपासून निम्म्यापर्यंत अंतर मोजलं, आणि तेवढंच अंतर निम्म्यापासून वर. बोट लाल खुणेपाशी थांबलं.

"कुणी केलं?" त्यांना कळलं होतं, तरी विचारलं.

"मी. दिवे लावले तवा."

"कवा समजलं तुला?"

"गॅरेजात. त्याच दिवशी."

आबांनी बोटांवर दिवस मोजले. सावकाश मोजले, मधे एकदा अडले आणि पहिल्यापासून परत मोजले. "चौदा," म्हणाले. "आन पाणी?"

"बघितलं व्हतं तुमी. झाकण ठेवल्याचा आवाज मी ऐकला. तांब्या बी ओतलात, त्यो बी ऐकला."

"मी इचारलं व्हतं तुला."

"व्हय."

"तू काय म्हणालास?"

मी जे म्हणालो होतो ते पुन्हा म्हणून दाखवलं. त्यांना तेच ऐकायचं होतं, शब्द न् शब्द. मग त्यांनी हात आत घालून किल्ली बंद केली. इंजिन थांबलं. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, खूप वेळ पुसला, आणि पुसून झाल्यावरही घातला नाही. मी तोंड उघडलं, तर त्यांनी नुसता तळवा वर केला. मी मिटलं.

मी सगळा वेळ शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघतच नव्हते. तिथे उभ्या उभ्या त्यांचे खांदे, जे दोन आठवडे कानांशी येऊन बसले होते, ते खाली उतरले. एवढं मला दिसलं.

इंजिनाचा आवाज थांबलेला ऐकून आई पदराला हात पुसत बाहेर आली. वाफ, थर्मामीटर, आम्ही दोघे. "काय झालं आणि आता?" ती म्हणाली.

"काय न्हाई. मी पाणी बघितलं व्हतं," आबा म्हणाले. "काटा ह्यानं चुकीचा बसवला व्हता."

आईला अर्धंच समजलं, पण तेवढं पुरलं. तिने कपाळाला हात लावला आणि एकदम उजळली. "आवं मग उद्याच्या डॉक्टराचं काय? पुण्याला फोन करून नको म्हणून सांगू का?"

आबांनी चष्मा घातला आणि पहिल्यांदाच मला खालपासून वरपर्यंत नीट न्याहाळलं.

"नको कशाला? मिळालेला नंबर हाय," ते म्हणाले. "ह्याला न्हेऊन दावू."